रिंग नंबर दोनशे छत्तीस

भुयारी रेल्वेच्या आठ स्टेशनांत टकटकरावांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारा एकही माणूस उरला नव्हता, आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. अठ्ठावीस वर्षं रोज पहाटे, पहिली गाडी सुटायच्या आत, ते हातोडी घेऊन बोगद्यातून चालत जायचे आणि बोगद्याच्या प्रत्येक लोखंडी रिंगवर दोनदा टकटक करायचे. रिंग खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर तिच्या मागे पाणी आहे किंवा पोकळी आहे असं समजायचं. मग वर येऊन वहीत लिहायचं: अमुक नंबर, कोरडी. तमुक नंबर, ओल. त्यांच्या भागात, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या स्टेशनाच्या मध्ये, अशा १२१४ रिंगा होत्या.

म्हणजे वहीत तरी होत्या. बोगद्यात १२०४ च होत्या, आणि ही गोष्ट सगळ्या जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी टकटकरावांची समजूत होती.

भानगड अशी की रिंगांवरचे नंबर चौपन्न वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याने ब्रशने काढले होते. २२९ पर्यंत सगळं सुरळीत होतं. त्याच्या पुढच्या रिंगवर त्या भल्या माणसाने थेट २४० काढला. पुढे १२१४ पर्यंत तसाच गेला. शेवटच्या रिंगवर १२१४ दिसतंय म्हणजे रिंगा १२१४, असं कागदांवर चढलं, नकाशे छापले गेले, आणि मधल्या दहा रिंगा कधी नव्हत्याच हे कुणाच्या गावीही नव्हतं.

टकटकरावांना हे नोकरीच्या तिसऱ्या दिवशी दिसलं. ते धावत वर आले आणि हातोडी त्यांच्या हवाली करून निवृत्त होणाऱ्या मुकादमाला म्हणाले, "२३० ते २३९ कुठे आहेत?"

"वहीत आहेत," मुकादम म्हणाला.

"अहो, पण बोगद्यात?"

"तुला भरायचंय काय? वही का बोगदा?"

वही उघडून पाहिली तर मुकादमाने सव्वीस वर्षं त्या दहाही रिंगा कोरड्या दाखवल्या होत्या. रोज. टकटकरावांच्या मनात होतं की हे वरपर्यंत न्यायचं. पण त्याच संध्याकाळी त्यांना कळलं की नंबर काढणारा तो रंगारी म्हणजे सध्याचे रंगकाम विभागाचे प्रमुख. आणि त्या प्रमुखांची मुलगी तिकिटाच्या खिडकीत बसायची, आणि टकटकराव त्या खिडकीवर गरज नसताना दिवसातून तीन वेळा जायचे. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं: २३० ते २३९, कोरड्या.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण सहा महिन्यांनी तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी जुन्या वह्या चाळल्या आणि ते भारावूनच गेले. इतक्या वर्षांत एक थेंब नाही अशा सलग दहा रिंगा सबंध मार्गावर दुसऱ्या नव्हत्या. "या आदर्श रिंगा मला स्वतः बघायच्या आहेत," साहेब म्हणाले. टकटकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्या दिवशी वहीत लिहिलं: रिंग २३६, गळती, मिनिटाला सतरा थेंब. दुसऱ्या दिवशी लिहिलं: गळती स्वतः बुजवली. सिमेंट खरंच नेलं होतं, ते ५१० नंबरला लावलं, कारण तिथे खरंच गळत होतं. आदर्शपणा गेल्यावर साहेबांचाही रस गेला.

आणि मग आठवड्याभरात एक अजब गोष्ट घडली. लग्नाला तीनदा नाही म्हणालेले रंगकाम प्रमुख टकटकरावांना जिन्यात अडवून म्हणाले, "ठीक आहे. करा लग्न." का, ते सांगितलं नाही. टकटकरावांनी विचारलंही नाही. कुठे उगाच विषाची परीक्षा घ्या!

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. सासरेबुवा आता चौऱ्याऐंशीचे होते आणि मुलगी-जावयाकडेच राहत होते. बोगदा बांधणाऱ्यांपैकी तेवढे एकच हयात होते, आणि ही पण आपलीच कर्तबगारी, असा त्यांचा चेहरा असायचा. "माझ्या हातून आजवर चूक झालेली नाही," हे वाक्य ते रोज दोन्ही वेळच्या जेवणाआधी न चुकता म्हणायचे. शेजाऱ्याच्या दारावरची तिरकी पाटी त्यांनी न विचारता सरळ केली होती. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ते पेनानेच सोडवायचे आणि शब्द बसला नाही तर संपादकाला पत्र पाठवायचे. बायकोही काही कमी नव्हती. "आमच्या बाबांची चूक होतच नाही," हे तिने गल्लीतल्या झाडून सगळ्यांना ऐकवलं होतं. अशा घरात २३६ चा विषय काढणं म्हणजे आपण होऊन जेवणाला मुकणं.

पण जे जावयाने झाकलं ते आधुनिकीकरणाने उघडं पाडायचं ठरवलं. चौपन्न वर्षांचा मार्ग तीन महिने बंद ठेवून सगळं नवं करायला घेतलं होतं. हाताने फिरवायच्या पाट्या जाऊन पडदे आले. घसा खाकरून सूचना देणारे स्टेशनमास्तर जाऊन एका कधीही सर्दी न होणाऱ्या बाईचा आवाज आला. आणि प्रत्येक रिंगला एक सेन्सर बसणार होता, म्हणजे हातोडीलाही निरोप. टकटकरावांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, गुडघे दुखतच होते. त्यांची झोप उडाली ती वेगळ्याच कारणाने. सेन्सर बसवण्याआधी इंजिनियरबाईंनी रुळांवरून लेझरची ट्रॉली फिरवली आणि लेझरने रिंगा मोजल्या. १२०४.

मग सुरू झाल्या मीटिंगा. तज्ज्ञ आले. लेझर चुकत नाही आणि सरकारी नकाशा तर मुळीच चुकत नाही, तेव्हा तज्ज्ञांनी दोघांचंही मन राखणारा निष्कर्ष काढला: जमिनीच्या दाबाने बोगदा सहा मीटर आखडला आहे. कुठून आखडला? अर्थात २३६ पासून. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथे गळती झाली नव्हती का? मिनिटाला सतरा थेंब! तीच तर पहिली खूण होती. तज्ज्ञांनी त्याचा एक रंगीत तक्ता केला आणि त्या जागेच्या वरच्या दोन इमारती रिकाम्या करायला सांगितलं.

मार्ग पुन्हा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. त्या दिवशी हिरवं बटण दाबून पहिली गाडी सोडायचा मान सासरेबुवांना मिळाला होता. निमंत्रणपत्रिकेत छापलंही होतं: 'ज्यांच्या हातून कधी चूक झाली नाही अशा ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या हस्ते.'

इंजिनियरबाई टकटकरावांना घेऊन बोगद्यात उतरल्या. तिशीतली पोरगी, बोलायला गोड आणि मोजायला कडक.

"काका, तुमच्या सगळ्या वह्या वाचल्या मी," चालता चालता त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं, एक रिंग सुटलेली नाही. अशी वही दुसऱ्या कुणाची नाही हो."

टकटकरावांनी मान खाली घातली. विनयाने नव्हे.

२२५ आली. २२६, २२७. टकटकरावांची चाल मंद होत गेली. २२९ वर त्यांनी दोनाऐवजी नऊ वेळा टकटक केलं.

"काय झालं काका? बद्द वाजते का?"

"नाही नाही. छान वाजते. ऐकत राहावंसं वाटतं."

बाईंनी टॉर्च पुढच्या रिंगवर मारला. २४०. मागे मारला. २२९. पुन्हा पुढे. मग त्यांनी हातातल्या टॅबवर बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "२३६ कुठे आहे?"

"इथेच. आसपास."

"तुम्ही तिची गळती बुजवली होती ना?"

"तेव्हा होती."

"काय होती? गळती की रिंग?"

"दोन्ही," टकटकराव म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हे इतकं लाजिरवाणं वाटलं की ते ट्रॉलीवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. मुकादम, आदर्श रिंगा, तिकिटाची खिडकी, सासरे, सगळं.

बाईंना हसू येत होतं, पण त्या हसल्या नाहीत. "काका, वर चौतीस कुटुंबं सामान बांधतायत," त्या म्हणाल्या. "एक म्हातारी आजी चार दिवस ट्रंकेवर बसून आहे. उद्या अकराला मीटिंग आहे. मी सांगितलं तर चौकशी लागेल. तुम्ही आपण होऊन सांगितलंत तर जरा बरं दिसेल. बघा तुम्ही."

घरी जाताना टकटकरावांनी सगळ्या पळवाटा धुंडाळल्या. मुकादमावर ढकलावं, तर नंबर काही मुकादमाने काढले नव्हते. स्वतःवर घ्यावं, तर चौपन्न वर्षांपूर्वी ते पाळण्यात होते. कुठूनही निघालं तरी वाट सासरेबुवांच्या ब्रशापाशी येत होती. निदान त्यांना ते मीटिंगमध्ये परक्यांकडून कळू नये. घरात कळावं, आपल्याकडून कळावं. पण या वयात म्हाताऱ्याने हाय खाल्ली तर? ते जिना चढून दारापाशी आले.

त्यांनी घंटीकडे हात नेला, तर घंटी आपणहून वाजली. दार उघडंच होतं आणि सासरेबुवा दारात उभे राहून घंटीचं बटण दाबायचा सराव करत होते.

"अंगठ्याने दाबू की तर्जनीने?" त्यांनी आत विचारलं.

"तर्जनीने, बाबा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "फोटोत बरं दिसतं."

"मामा," टकटकराव आवाज खाली आणून म्हणाले, "एक बोलायचं होतं."

"बोल. पण मुद्द्याचं बोल."

"बोगद्यात २२९ नंतर २४० आहे."

सासरेबुवांची तर्जनी बटणावर होती ती तिथेच राहिली. घंटी वाजतच राहिली.

"बाबा, पुरे झाली प्रॅक्टिस!" आतून आवाज आला.

त्यांनी बोट काढलं. दाराजवळच्या स्टुलावर बसले. टकटकराव पाण्याला धावणार, एवढ्यात ते म्हणाले, "सतरा थेंब."

"काय?"

"मिनिटाला सतरा थेंब, असं लिहिलं होतंस तू. मला तो आकडा फार आवडला. वीस लिहिलं असतंस तर कुणीही म्हणालं असतं, थाप आहे."

टकटकराव दाराच्या चौकटीला टेकले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला नाही तर कुणाला?" सासरेबुवा चिडून म्हणाले. "त्या दिवशी २२९ झाल्यावर जेवायला बसलो. जेवण झाल्यावर तिथेच, पिंपाला टेकून, डोळा लागला. स्वप्नात पुढच्या दहा रिंगा काढल्या. काय सुंदर आल्या होत्या म्हणून सांगू! २३६ चा सहा तर असा काही वळला होता की जागेपणी मला पुन्हा तसा जमला नाही. उठलो, डबा घेतला आणि पुढे २४० काढला."

"मग कळलं कधी?"

"आठवड्याने. तोवर नकाशे छापून झाले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, असा बिनचूक माणूस पाहिला नाही. म्हटलं, आता तपासनीसच ओरडत वर येईल. मग कान पकडीन, पुन्हा रंगवीन. तुझा तो मुकादम तपासायला आला आणि त्याने लिहिलं, कोरड्या! दहाच्या दहा! क्षणभर मला वाटलं, त्याला दिसल्या की काय. मग रोज वाट बघायचो. रोज कोरड्या. माणसाने कबूल तरी कुणाकडे करायचं? आणि जेवढी भीती वाटायची तेवढ्या मोठ्यांदा सांगायचो, माझी चूक होत नाही."

टकटकरावांना त्या माणसाची कीव आली. सत्तावीस वर्षं ते ज्या वाक्याला घाबरत आले, ते वाक्य बोलणाराच त्याला जास्त घाबरत होता.

"मग तुझा तो रिपोर्ट माझ्या टेबलावर आला," सासरेबुवा पुढे म्हणाले. "तुला तीनदा नाही म्हटलं होतं, आणि बरोबरच होतं, तुझे ते बूट बघवत नव्हते. पण रिपोर्ट वाचला आणि समजलो, याला कळलंय. याला कळलंय, आणि हा माझं नाव जाऊ नये म्हणून नसलेल्या रिंगेत गळती काढतोय, आणि वर स्वतः बुजवतोय. म्हटलं, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही."

टकटकरावांना गहिवरून आलं. खरं म्हणजे ती गळती त्यांनी बव्हंशी साहेबांच्या भीतीने काढली होती, पण ते आत्ताच सांगायला हवं असं त्यांना वाटलं नाही. एका संध्याकाळी इतका प्रामाणिकपणा पुष्कळ झाला.

"म्हणजे," मागून आवाज आला, "माझं लग्न एका नसलेल्या रिंगेवरून ठरलं?"

बायको हातात उलथनं घेऊन उभी होती.

"गळतीवरून," सासरेबुवांनी सवयीने चूक दुरुस्त केली.

"तुम्ही गप्प बसा, बाबा! आणि अहो, तुम्ही पण! सत्तावीस वर्षं एका टेबलावर जेवताय दोघं, एकमेकांचं एकमेकांपासून लपवत! मी मात्र गल्लीभर सांगत फिरतेय, आमच्या बाबांची चूक होत नाही!" तिचे डोळे भरून आले. उलथन्याचा रोख तिने आधी वडिलांकडे आणि मग नवऱ्याकडे धरला. "उद्या अकराला दोघांनीही जायचं. मीही येणार. नाहीतर तिथे जाऊन पुन्हा म्हणाल, कोरडी."

सासरेबुवा घंटीच्या बटणाकडे बघत राहिले. "मग ते हिरवं बटण दुसरंच कुणीतरी दाबेल," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आत तव्यावर काहीतरी करपल्याचा वास आला तेव्हा बायको गेली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सासरेबुवा मीटिंगमध्ये उभे राहिले. इस्त्रीचा कोट घातला होता, तो बटण दाबायच्या दिवसासाठी ठेवलेला. चारच वाक्यं बोलले. "नंबर मी काढले. दहा गाळले. बोगदा आखडलेला नाही. त्या लोकांना सामान सोडायला सांगा." आणि खाली बसले.

तज्ज्ञांनी आपला रंगीत तक्ता हळूच गुंडाळून टेबलाखाली नेला. मोठे साहेब मात्र तापले. "चौपन्न वर्षं फसवणूक! ज्यांनी ज्यांनी या रिंगा आहेत म्हणून सह्या केल्या, त्यातल्या एकालाही मी सोडणार नाही!"

इंजिनियरबाईंनी वार्षिक तपासणीची फाईल त्यांच्यापुढे सरकवली. तिथे अकरा वर्षं ओळीने लिहिलं होतं: '२३० ते २३९ जातीने पाहिल्या. समाधानकारक.' खाली साहेबांची सही होती, झोकदार.

साहेब पाणी प्यायले. मग दुसऱ्यांदा प्यायले. "अर्थात," ते म्हणाले, "ही एक ऐतिहासिक बाब आहे. इतिहासाची चौकशी करू नये. इतिहासाचं जतन करावं."

चौतीस कुटुंबांना निरोप गेला, ट्रंकेवरची आजी ट्रंकेवरून उतरली. कॉम्प्युटरला समजावलं गेलं की २२९ नंतर २४० येतात आणि त्यात त्याने नाक खुपसायचं नाही. निमंत्रणपत्रिका मात्र नव्याने छापली, आणि बटण दाबायला आता मोठे साहेबच होते. सासरेबुवांनी घंटीचा सराव बंद केला. जेवणाआधीचं ते वाक्यही बंद झालं. त्या वाक्याशिवाय घर इतकं सुनं वाटायला लागलं की दोन दिवस टकटकरावांना घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिनियरबाईंचा फोन आला. अडचण होती. २२९ आणि २४० च्या मध्ये खुलाशाची पाटी लागणार होती, पण पाट्या छापणारं नवं यंत्र २२९ नंतर २४० छापायला तयारच नव्हतं. तीन वेळा सांगितलं, तीनही वेळा त्याने चूक म्हणून थांबवलं. "हाताने काढणारं कुणी आहे का काका, ओळखीचं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सासरेबुवांना ट्रॉलीवर बसवून बोगद्यात नेलं. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात स्वतःचा जुना ब्रश. ते सगळ्या वाटेने दोन्ही बाजूंचे नंबर वाचत होते, आणि मधूनच "हा आठ बरा आलाय" असं पुटपुटत होते. २२९ समोर ते उतरले. मग त्यांनी ब्रश बुडवला. डब्याच्या काठाला निथळला आणि लोखंडाला टेकवला. त्यांनी लिहिलं:

'यापुढे २४०. मधल्या दहा माझ्या हातून राहून गेल्या.'

खाली सही केली, तारीख टाकली, आणि दोन पावलं मागे सरले.

"बघ रे," ते म्हणाले. "बरोबर आहे का?"

हा प्रश्न टकटकरावांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनी टॉर्च मारला. अक्षरं अजून ओली होती आणि देखणी होती. फक्त तारीख कालची होती. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने टकटकरावांच्या ओठांवर 'बरोबर' आलंसुद्धा. ते त्यांनी गिळलं.

"मामा, तारीख चुकली. आज सोळा आहे."

इंजिनियरबाई उगाचच ट्रॉलीचं चाक तपासू लागल्या. सासरेबुवांनी डोळे बारीक करून तारीख पाहिली, जावयाकडे पाहिलं, खिशातून फडकं काढलं आणि पंधरा पुसून टाकले.

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"अहो, आत्ताच तर लिहिलीत."

"मी त्या दहांबद्दल बोलतोय," सासरेबुवा म्हणाले, आणि नाक ओढत त्यांनी सोळातला सहा काढायला घेतला. तो काढायला त्यांनी चांगली पाच मिनिटं घेतली.